विषय: पाडव्याचं श्रीखंड – गुलाबजल कुठलं?

अक्का (स्वयंपाकघर):
चक्का शनिवारी येतोय, ८ किलो. गुलाबजल अजून ठरलेलं नाही. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी चाखलंय, परत उगाळू नका. सियागंजच्या बाजारात कोण जातंय?

अण्णा (खजिनदार):
५ लिटरचा कॅन घ्या, स्वस्त पडतो. लग्नात शिंपडतात तोच.

रामबागेतली वहिनी:
अण्णा, गेल्या वर्षी तोच होता! किमतीचं स्टिकर खरवडलं तर खाली बारीक अक्षरात ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’. म्हणूनच साबण चाटल्यासारखं लागलं.
खरं गुलाबजल म्हणजे पाकळ्या उकळून त्यांची वाफ थंड करून धरलेलं पाणी. कनौजला अजून तांब्याच्या डेगेला (मोठ्या हंड्याला) भपका, म्हणजे वाफ धरायचं भांडं, जोडून काढतात. बाकी पुष्कळसं म्हणजे पाण्यात इसेन्स. बाटली उलटी फिरवून वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर हवा. परफ्यूम, ग्लिसरीन, फिनॉक्सिइथेनॉल दिसलं की ते चेहऱ्याला लावायचं, जागच्या जागी परत. आणि गुलाबी रंगाचं तर नकोच, खरं पाण्यासारखंच दिसतं.

लोकमान्यनगरचा भाऊ:
एवढं कशाला? फुलवाल्याकडून गुलाब आणू, पाकळ्या वाटून घालू.

आजोबा:
लांब दांड्याचा गुलाब औषध-फवारणीचा, वास शून्य. वास चैत्री गुलाबाला. नाथद्वाऱ्याला गेलो तेव्हा हल्दीघाटीहून त्याच्याच गुलाबजलाची बाटली आणली होती, सौ.नी ती डोळ्यांवर ठेवायच्या पट्ट्यांत संपवली. असो. आमच्याकडे श्रीखंडात गुलाब कधीच नव्हता. केशर, वेलची, वर जायफळ किसून. हे गुलाबाचं खूळ कोणी काढलं?

अक्का:
आजोबा, बैठकीत ठरलंय, तुम्ही झोपला होतात. माझी अडचण निराळी आहे. बाटली फिकी निघाली की वास येईपर्यंत ओतत बसतो. गेल्या वर्षी अर्धा लिटर गेलं आणि श्रीखंड पुरीवरून ओघळलं. वहिनी, माप सांगा.

वहिनी:
चांगलं असेल तर अर्धा किलो श्रीखंडाला १ लहान चमचा. ८ किलो चक्का, ७ किलो साखर, म्हणजे ३० चमचे, १५० मिली. त्यातलंच थोडं घेऊन केशर भिजवा, दूध वगळा. पुरणयंत्रातून काढून झाल्यावर शेवटी, चाखत चाखत. सगळं एकदम नको.
गुलाबजामच्या पाकातही गॅस बंद करून, पाक कोमट झाल्यावरच घालायचं. उकळत्यात टाकलंत तर वास घरभर, जामात काही नाही.

भाऊ:
मग पाकळ्या नुसत्या वरून सजावटीला?

आजोबा:
फवारणीच्या?

अण्णा:
१५० मिलीला २ बाटल्या पुरतात. तिसरी आणलीत तर बिल मंडळाकडे देऊ नका. मागच्या वेळी चारोळीचंही असंच झालं होतं.

अक्का:
चारोळीवर वेगळी मेल करा. वहिनी दोन निरनिराळ्या बाटल्या आणतायत. मी घरी थोडा चक्का टांगते, शुक्रवारी ६ वाजता हॉलवर दोन वाट्यांत कालवून चाखू आणि काय ते ठरवू. चमचे घरून आणा. आणि अण्णा, जुना कॅन अजून मंडळाच्या कपाटात पडून आहे, शनिवारच्या आत हलवा. नाहीतर कोणीतरी परत तोच ओतेल.