सीईटी अन जेईई दोन्ही स्कोर टाकायचे का?

भाऊ हो, ताई हो, मदत पाहिजे. लहान बहिणीचा इंजिनिअरिंगच्या कॅपचा (राज्याची एकत्र ॲडमिशन प्रक्रिया) फॉर्म भरून रायलो, आम्ही दारव्हा तालुक्यातले. सीईटी पीसीएमला ८९ पर्सेंटाइल, जेईई मेन जानेवारीत ८१ अन एप्रिलला ७६ (चांगला तोच धरतात, ते माहीत आहे). ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर अन डोमिसाईल दोन्ही काढून ठेवलं, कापूस-सोयाबीनवाले आपण, उत्पन्न ८ लाखाच्या लय खाली, म्हणून २०२४ पासूनची मुलींची फी माफी नाही भेटली तर शिकवणंच जमत नाही. एनआयटीचा विषय नाही. अमरावती, यवतमाळ नाहीतर नागपूर, कॉम्प्युटर नाही लागलं तर इलेक्ट्रिकल बी चालते.

आता घोळ असा का कॅफेवाला म्हणते जेईई टाकलं तर ऑल इंडिया सीटवर (जेईईवर देशभरातून भरतात त्या) नंबर लागन अन तिथं कॅटेगरी जाते, अन तिचे सर म्हणते दोन्ही टाका, मेरिट नंबर वेगवेगळे येते, नुकसान काही नाही. माहितीपत्रक दोनदा वाचलं, डोकं अजून गरगरलं.

ज्यानं खरंच दोन्ही टाकून ॲडमिशन घेतली त्यानंच सांगा, जेईईवरून सीट लागली तर फी माफी भेटते का, अन जेईई रिकामं सोडलं तर काही बिघडते का?