किंग्जवाल्यांनो, साशा वेझेन्कोव्हला या उन्हाळ्यात आणावं का?

जांभळा_किरण (२४ जून २०२३)

परवाच्या एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) आपण सॅक्रामेंटो किंग्जवाले २४ नंबरचा पिक (निवडीची पाळी) आणि रिशॉन होम्स, दोन्ही डॅलसला देऊन मोकळे झालो. बदल्यात मैदानात उतरेल असं कोणी आलं नाही. सॅलरी कॅपखाली (पगाराच्या मर्यादेत) जागा तेवढी झाली. ती कोणासाठी केली, यावर दोन दिवस एकच नाव फिरतंय: वेझेन्कोव्ह.

युरोप न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. जन्म सायप्रसमध्ये निकोसियाचा, देश बल्गेरिया, घडला ग्रीसमध्ये. आधी थेसालोनिकीचा आरिस, मग बार्सिलोना, २०१८ पासून पिरेयसचा ऑलिंपियाकोस. उंची ६ फूट ९. वय २७, ऑगस्टमध्ये २८ पूर्ण होतील. २०१७ ला ब्रुकलिनने ५७ व्या नंबरवर नाव घेतलं, हक्क फिरत फिरत क्लीव्हलंडकडे गेले, आणि गेल्या वर्षी आपल्या जीएम मॅकनेअरने दुसऱ्या फेरीतला पिक देऊन ते आपल्या खिशात टाकले. यंदा हा गडी युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झालाय. सामन्याला १७.६ गुण, ७ रिबाउंड.

माझं मत: आणू नये.

गेल्या महिन्यातली काउनासची युरोलीग फायनल मी जागून पाहिली. माद्रिद ७९, ऑलिंपियाकोस ७८. शेवटची तीन सेकंद उरली असताना माद्रिदच्या सर्जिओ युलने मुस्तफा फालच्या हातावरून टाकला आणि संपलं. वेझेन्कोव्हने एकट्याने २९ केले, त्यामुळे खेळात खोट काढायला जागा नाही. पण ते २९ कसे आले ते पाहा. तिकडे अख्खा संघ त्याच्यासाठी चालतो. चेंडू नसलेल्या बाजूला एकामागून एक दोन स्क्रीन (बचाववाल्याची वाट अडवणारे साथीदार) लागतात, स्लुकास चेंडू धरून थांबतो, साशा मोकळा झाला की पास. आपल्याकडे कोण थांबणार? चेंडू फॉक्सच्या नाहीतर सबोनिसच्या हातात. हा कोपऱ्यात उभा राहून हात चोळणार. शिवाय आपला अटॅक लीगमध्ये पहिला होता, दुखणं डिफेन्सचं आहे. डोकं दुखतंय आणि आपण गुडघ्याला बाम लावतोय.

फॉल्समकर

किरणराव, फायनल तुम्ही पाहिलीत पण उलटी पाहिलीत असं म्हणतो.

त्या २९ मध्ये त्याने चेंडू किती वेळा जमिनीवर आपटला? बोटांवर मोजा. हा माणूस चेंडू मागतच नाही. सोंगट्यांसारखा जागा बदलत राहतो, बचाव करणाऱ्याची मान वळली की पाठीमागून कट मारतो (बास्केटकडे घुसतो). आता सबोनिसचा खेळ डोळ्यांपुढे आणा. एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाला) चेंडू घेऊन उभा, डोकं वर, कोण कापून येतंय ते बघत. या दोघांची ओळखसुद्धा करून द्यावी लागणार नाही! ह्युर्टर अटलांटात काय होता आणि इथे आल्यावर काय झाला? कीगन मरेने पहिल्याच वर्षी २०६ थ्री (तीन गुणांचे शॉट) टाकून रुकी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंचं, रेकॉर्ड मोडलं, ते याच मशीनमधून. मशीन तयार आहे, त्यात बसणारा भाग आपल्या मालकीचा आहे, आणि आपण तो पेटीत ठेवायचा म्हणताय.

आणि आपला बार्न्स फ्री एजंट (करार संपलेला) आहे. त्याने ८२ च्या ८२ सामने खेळले, माणूस सोन्यासारखा, पण प्लेऑफमध्ये वॉरियर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यातला शेवटचा हुकलेला थ्री आठवतो ना? १२६-१२५. मी इथे घरात टीव्हीसमोर उभा होतो, पोरं झोपलेली म्हणून ओरडताही येईना.

नागपाडा_पोस्ट

पाय. मला फक्त पायांबद्दल बोलायचंय.

मी आयुष्यभर नागपाड्याच्या कोर्टवर पोस्टमध्ये (बास्केटजवळ) मार खाल्लेला माणूस आहे. शॉट शिकवता येतो, कट शिकवता येतो. पण समोरचा आडवा सरकला की तुमचे पाय त्याच्याबरोबर सरकतात की नाही, हे ज्याचं त्याच्याकडे असतं. वेझेन्कोव्हचे सरकत नाहीत. ऑलिंपियाकोसमध्ये मागे मुस्तफा फाल उभा असतो, सव्वासात फुटी. युरोपात डिफेन्सिव्ह थ्री सेकंद (बचाववाल्याने बास्केटखाली नुसतं थांबून राहू नये) हा नियमच नाही, तेव्हा फाल बास्केटखाली तंबू ठोकून बसला तरी चालतं. साशाला कोणी चकवलं तर पुढे भिंत. इकडे सबोनिसला असं बसता येणार नाही, आणि बसला तरी तो भिंत नाही, हे आपण सात सामने पाहिलंय.

प्लेऑफमध्ये वॉरियर्सचा करी काय करतो? आपल्यातला सगळ्यात संथ माणूस शोधतो, त्याला स्क्रीनमध्ये ओढतो आणि मग सावकाश जेवतो. १ मेच्या रात्री एक वाजता आपण महाराष्ट्र दिन कसा साजरा केला? ५० गुण झाले त्याचे. आता त्याला ताटात अजून एक वाढायचा?

फॉल्समकर

नियमाची गोष्ट तुम्हीच काढलीत म्हणून बरं. तोच नियम फिरवून बघा. तिकडे बास्केटखाली समोरच्यांचाही तंबू असतो, आणि त्या गर्दीत हा कट मारून गुण काढतो. इकडे तो दिवाणखाना मोकळा असणार.

आणि त्या सातव्या सामन्यात त्यांच्या लूनीने २१ रिबाउंड नेले हे विसरू नका. आपण फक्त करीमुळे हरलो नाही. चाळीस मिनिटांच्या खेळात सात रिबाउंड काढणारा फॉरवर्ड तेव्हा बेंचवर असता तर?

जांभळा_किरण

थ्रीची रेषाही मोजा की मग. तिकडे ६.७५ मीटर, इकडे समोरून ७.२४. अर्धा मीटर म्हणजे दारापासून चपलांच्या कपाटापर्यंतचं अंतर. (कोपऱ्यात फारसा फरक नाही, मान्य. म्हणजे परत कोपराच आला.)

पेजाभक्त_९८

मंडळी, जरा इतिहास. वयामुळे मला तेवढंच जमतं.

५७ हा आकडा वाचून कोणालाच काही आठवलं नाही? १९९९ ला सॅन अंतोनिओने ५७ व्याच नंबरवर मनू जिनोबिली घेतला होता. तो तीन वर्षं इटलीत खेळत राहिला, २००२ ला बोलोन्याहून आला. पुढचं माहीत आहे. कुकोच १९९० ला ड्राफ्ट झाला, शिकागोला आला १९९३ मध्ये. युरोपचा राजा होता, इथे बेंचवरून उठून खेळला आणि १९९६ ला सिक्स्थ मॅन (सर्वोत्तम राखीव खेळाडू) झाला. आपल्या सबोनिसचे तीर्थरूप तर १९८६ ला पोर्टलँडने घेतले आणि १९९५ मध्ये, तिशी गाठल्यावर, दुखरे पाय घेऊन आले. तरी काय पास देत होते! आणि किंग्जचा आमचा पेजा स्तोयाकोविच: १९९६ चा पिक, १९९८ ला आला. तोही थेसालोनिकीचाच, फक्त आरिसच्या वैऱ्यांचा, पाओकचा. आरिसवाल्याचं कौतुक मी करतोय हे त्याला कळू देऊ नका.

पण ताळेबंदाची दुसरी बाजू लपवणार नाही. यासिकेविचियस इंडियानात आला तेव्हा तीन युरोलीग खिशात होत्या. गाजला नाही. तेओदोसिच तिसाव्या वर्षी क्लिपर्सकडे आला, दीड मोसमात परत. आणि स्पानुलिस. ह्यूस्टनमध्ये ३१ सामने खेळून कंटाळला, घरी गेला आणि पुढे याच ऑलिंपियाकोसचा देव झाला. पिरेयसमध्ये साशा ज्या लॉकर रूममध्ये बसतो तिथे ही गोष्ट रोज सांगत असतील.

माझं निरीक्षण एवढंच, की परत गेलेले बहुतेक चेंडू हातात लागणारे गार्ड होते. टिकले ते चेंडूशिवाय कामाचे किंवा पास देणारे. साशा कोणत्या रांगेत बसतो ते तुम्हीच ठरवा.

तिसरा_क्वार्टर

सगळे मोठमोठी नावं घेताय. २०१६ चा आपला पापायानिस विसरलात का? १३ वा पिक. तोही ग्रीसचाच. दीड वर्षात सोडून दिला. युरोप म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. परवा योकिचने डेन्व्हरला ट्रॉफी दिली म्हणून आता सगळ्यांना प्रत्येक बाल्कन माणसात योकिच दिसायला लागलाय.

पेजाभक्त_९८

पापायानिस तेव्हा १८-१९ वर्षांचा होता, त्याचं पुढचं सगळंच अंदाजावर होतं. हा २७ चा आहे. जे आहे ते दिसतंय. आंबा पिकलेला घेताय, कैरी नाही. भाव जास्त का, असं विचारा हवं तर.

जांभळा_किरण

बरोबर, आणि पिकलेला आंबा किती दिवस टिकतो?

वरळी_डोम

मी एवढे दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितो. माझं वय १६.

ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले तेव्हा पहिल्या सामन्याला सगळी शाळेची मुलं होती. त्यातला मी एक. आम्हाला नियम धड माहीत नव्हते, बास्केट कोणाचीही पडो, आम्ही ओरडत होतो. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, किंग्ज १३१-१३२ हरले. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की माझी टीम हरली. त्या दिवसापर्यंत मला टीम नव्हती. आता त्यावर काकालोक म्हणतील की आपल्या मालकाचं आडनाव रणदिवे, तो मुंबईचा म्हणून हे कौतुक. ते मला नंतर कळलं.

मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी सबोनिस समोरच्या टीममध्ये होता. आणि आपल्या टीममध्ये बिएलित्सा होता. कोणी त्याचं नावच घेत नाही म्हणून लिहायला आलो. २०१५ चा युरोलीग एमव्हीपी. तोही २७ व्या वर्षीच एनबीएत आला. तोही उंच, शूटर, पायाने संथ. म्हणजे वेझेन्कोव्हची झेरॉक्सच ना? मिनेसोटात तीन वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. आपल्याकडे येऊन सुरुवातीच्या पाचात खेळला, आणि त्या डिसेंबरमध्ये ह्यूस्टनमध्ये शेवटच्या क्षणी लांबून थ्री टाकून सामना काढला. मी शाळेच्या व्हॅनमध्ये फोनवर पाहिला तो शॉट, तीनतीनदा.

नागपाडा_पोस्ट

शाब्बास रे पोरा. चार म्हाताऱ्यांना जे सुचलं नाही ते बोललास.

पण तुझंच उदाहरण तुझ्यावर उलटतं बघ. बिएलित्सा सुरुवातीच्या पाचात होता तेव्हा किंग्ज कितव्या नंबरवर होते? प्लेऑफचं नावही नव्हतं. आता आपण ४८ जिंकून तिसरे आलोय. चांगल्या संघात बिएलित्साला किती मिनिटं मिळाली ते गोल्डन स्टेटला विचार. विजेतेपदाची अंगठी मिळाली, ती बेंचवरच.

वरळी_डोम

हो काका, पण अंगठी मिळालीच ना?

फॉल्समकर

🙂 यावर पोस्टसाहेबांकडे उत्तर नाही.

मी हट्ट करत नाही की तो बार्न्सच्या जागी सुरुवातीला उतरावा. बार्न्सला ठेवा, लाइल्सचं काय ते बघा, साशाला दुसऱ्या फळीत मंकबरोबर सोडा. वर्षाला साठसत्तर लाख डॉलरमध्ये युरोपचा एमव्हीपी दुसऱ्या फळीत मिळत असेल (आकडा माझा अंदाज), तर एवढं कुरकुरायचं काय? इकडे ऑफिसातले लोक बीम (किंग्ज जिंकले की सोडतात तो जांभळा प्रकाशझोत) पेटला की फ्रीवेवर गाडी हळू करून बघतात. सोळा वर्षांनी हे दिवस आलेत. उशीर करून काय मिळणार, तो २८ चा होतोय, तिशीतला सबोनिस सीनियर करायचाय का त्याचा?

जांभळा_किरण

पैशाचा मुद्दा मी सोडतो. त्या किमतीत वाईट नाही, हे मघाशीच लिहायला हवं होतं.

पण ज्या गोष्टीवर अडलोय ती कोणी खोडली नाहीये. मिनिटं. पिरेयसला तो चाळीसपैकी जवळजवळ तीस मिनिटं मैदानात असतो, आणि चुकला तरी पुढचा चेंडू त्याच्याचकडे येतो. इथे दोन थ्री हुकले की आपला कोच माइक ब्राउन त्याला बसवणार, बचावात एकदा वाऱ्यावर गेला की पुन्हा बसवणार. ब्राउनला बचावात झोपलेला माणूस खपत नाही, आणि ते योग्यच आहे. शूटरचा हात मिनिटांवर गरम राहतो. सामन्याला बारा मिनिटं मिळाली तरी मी पुष्कळ म्हणेन. बारा मिनिटांत एमव्हीपी होत नाही, आठवण होते. मग एक दिवस ग्रीसहून फोन येतो.

फॉल्समकर

बारा? वीस तरी मिळतील. लिहून ठेवा.

जांभळा_किरण

ठेवलं. सरासरी वीसच्या वर गेली तर पुढचा उन्हाळाभर माझ्या नावाशेजारी ऑलिंपियाकोसचं लाल-पांढरं चित्र. बाराच्या आत राहिली तर तुम्ही वॉरियर्सचं लावायचं.

फॉल्समकर

वॉरियर्सचं?? घरात घेणार नाहीत मला. बरं, मान्य.

वरळी_डोम

आणि सोळा झाली तर?