एफवाय बीएस्सी रसायनशास्त्र: व्याख्यान की मार्गदर्शित शोध?

प्रश्न (चोपडा)
वर्गात ७२ मुलं, बाक जमिनीला ठोकलेले, तास ४८ मिनिटांचा. आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) फळ्यावर शिकवली की 'अर्धभरित कक्षक स्थिर असतो' हे वाक्य सगळ्यांचं पाठ असतं. पण बेरिलियमपेक्षा बोरॉनची कमी का, असं विचारलं की तिथंही तेच वाक्य ठोकून देतात. गटात बसवून शोध पद्धतीनं घेतलं तर पोर्शन पुरा होईल का?

अमळनेर
बाक हलवू नका. पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळले की चौघांचा गट झाला. एक वेळ सांभाळणारा, एक लिहिणारा, एक गटातर्फे बोलणारा, एक गट कुठे अडला ते टिपणारा. ही कामं दर वेळी फिरवा, नाहीतर हुशार पोरगा एकटाच सगळं उरकतो. गटाला कागदही एकच द्या. चार दिले की चौघं आपापलं सोडवत बसतात.

कागदावर आधी नुसता तक्ता, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. शेजारी इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे २एस, २पी अशा कोणत्या कक्षकात किती इलेक्ट्रॉन. 'स्थिर' हा शब्द कागदावर कुठेच नको, सगळी मेख तिथंच आहे. पहिले प्रश्न तक्ता बघून सुटणारे: आकडा कुठे कुठे घसरतो? मग बोरॉनचा निघून जाणारा इलेक्ट्रॉन २एसमधला की २पीमधला? ऑक्सिजनच्या २पीमध्ये जोडी कुठे झाली? शेवटी तक्त्याबाहेरचा: फॉस्फरस १०१२, तर सल्फर जास्त की कमी? (१०००.) प्रश्नांना २५ मिनिटं, फळ्यावर उत्तरं मांडायला १०. परिरक्षण (आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ कमी होणं), जोडीतलं प्रतिकर्षण ही नावं तुम्ही त्यानंतर द्यायची. आधी दिलीत तर मुलं तक्ता बघतच नाहीत, नाव लिहून मोकळी होतात.

धुळे
पद्धत चांगलीच आहे, पण सरसकट नको. आयुपॅक नामकरण (संयुगांना नावं देण्याचे ठरलेले नियम) हा संकेत आहे. तो शोधून सापडत नाही, सरळ सांगावा. श्रोडिंजर समीकरणाचंही तेच. जिथे आकड्यांतून नियम दिसतो, तिथंच ही पद्धत: आवर्ती गुणधर्म, अभिक्रियेचा वेग, बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण). आठवड्याला एक तास दिला तर पोर्शन अडत नाही.

पुरावा म्हणाल तर २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण निघालं. नापासांचं प्रमाण व्याख्यानात ३३.८ टक्के, सक्रिय अध्ययनात (मुलं वर्गात स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा पद्धतींत) २१.८. मात्र त्यात सगळे विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताचे विषय आणि नाना पद्धती होत्या, फक्त हीच नव्हे. फायदा सगळ्यांत ठळक होता तो पन्नासच्या आतल्या वर्गांत. त्यामुळे ७२ मुलांत अठरा गटांमधून एकट्यानं फिरणं जड जाईल. सोबत एमएस्सीचा एखादा विद्यार्थी घ्या.

शहादा
गटात अहिराणीत बोलू द्या, अगदी बिनधास्त. कागदावर लिहिताना तेवढे शास्त्रीय शब्द येऊ देत.

प्रॅक्टिकललाही हे जमतं. पाण्याच्या कठीणपणाची कृती छापून देण्याऐवजी विचारा: बोअरचं पाणी उकळून, गार करून, गाळलं तर कठीणपणाचा आकडा किती उतरेल? अंदाज आधी लिहून घ्या. मग दोन्ही नमुने ५० मिली, अमोनिया बफरनं पीएच १०, दर्शक म्हणून एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन). वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबा. लागलेले मिली गुणिले २० म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं. जेवढा उतरला तो तात्पुरता कठीणपणा. उकळताना पाणी आटतं, ते गाळल्यावर डिस्टिल्ड पाण्यानं मूळ मापाला आणा, नाहीतर उरलेला आकडा फुगतो. आणि पाण्यात मॅग्नेशियम फारच कमी असेल तर रंग नीट पालटत नाही, गट उगाच थेंब मोजत बसतात. मुलांना देण्याआधी नमुना स्वतः एकदा टायट्रेट करून बघा.