लेबल प्रिंटर यूएसबीवर चालतो पण सिरीयलवर गप्प, काय बघू?

बेदाणा_पॅकिंग:
नमस्कार मंडळी, तासगावला आमचं बेदाण्याचं छोटं पॅकिंग आहे. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) कॉम्प्युटरला कॉम १ वर (कॉम म्हणजे सिरीयल पोर्ट) आणि लेबल प्रिंटर कॉम २ वर, टीएसपीएल (लेबल प्रिंटरची कमांडची भाषा) कमांडवाला, २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके). पेटी काट्यावर ठेवली की वजन प्रोग्राममध्ये येतं ते बरोबर येतंय, पण लेबल काही निघत नाही. यूएसबी लावून ड्रायव्हरमधून टेस्ट पेज काढलं तर झकास निघतं. सिरीयलने पाठवलं की एरर पण नाही, हिरवा दिवा आहे तसाच. केबल बदलून झाली, प्रोग्राममध्ये बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) ९६००, सेल्फ टेस्टच्या कागदावर पण ९६०० च छापलंय. कालपासून बायका लेबलवर पेनाने वजन लिहितायत आणि परवा गाडी भरायचीय, प्लीज कोणीतरी सांगा.

कॉम_पोर्ट:
दादा आधी केबलची खात्री करा, नुसती बदलून कळत नाही. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, केबल काढून काळी प्रोब पिन ५ वर, लाल आधी २ वर मग ३ वर. पोर्ट चालू पण गप्प असताना जिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील तो ट्रान्समिट, म्हणजे डेटा पाठवणारी पिन. कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्हीकडे तो एकाच नंबरवर असेल तर क्रॉस केबल (२ आणि ३ उलटसुलट जोडलेली), वेगळ्या नंबरवर असेल तर सरळ केबल. ते जमलं की प्रिंटर डंप मोडला टाका, म्हणजे जे बाइट येतात ते हेक्स आकड्यांत (० ते ९ आणि ए ते एफ) जसेच्या तसे कागदावर उतरतात. तो कागद बघितल्याशिवाय बाकी सगळा अंदाज आहे.

बेदाणा_पॅकिंग:
कॉम्प्युटरला ३ वर उणे ६, प्रिंटरला २ वर. केबल सरळच आहे. डंप मोडमध्ये कागद आला!! म्हणजे डेटा पोचतोय. पहिली ओळ अशी आहे: ५३ सी९ ५ए सी५ ए० ३५ ३० ए० ईडी ईडी. यातलं मला काही कळत नाही.

रात्रपाळी:
सापडलं बघा. तुमचा प्रोग्राम पहिल्यांदा 'साइझ ५० एमएम' पाठवतोय. त्यातला एस ५३, झेड ५ए, पाच ३५, शून्य ३० हे बरोबर आलेत. पण आय ४९ यायला हवा तो सी९ झालाय, ई ४५ चा सी५, स्पेस २० चा ए०, एम ६डी चा ईडी. जो चुकलाय तो प्रत्येक बरोब्बर ८० हेक्सने वाढलाय, म्हणजे फक्त सगळ्यात वरचा बिट चढलाय. आणि चढलाय कुठे, तर ज्या अक्षरात १ ची संख्या विषम आहे तिथेच. हा इव्हन पॅरिटीचा बिट आहे, म्हणजे चूक पकडायला १ ची एकूण संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला जादा बिट. प्रोग्राम ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटीने पाठवतोय आणि प्रिंटर ८ बिट, नो पॅरिटीने वाचतोय. दोन्हीकडे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिटच होतात, म्हणून प्रिंटरला काही गडबड वाटतच नाही, एरर कुठून येणार. कमांड ओळखीची नाही म्हणून तो गप्प बसतो. माझा अंदाज, काटा ७ बिट इव्हनवर असणार, बरेच असतात, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने तीच सेटिंग दोन्ही पोर्टला लावली. कॉम २ ला ९६००, एन, ८, १ करा, म्हणजे नो पॅरिटी, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट. कॉम १ ला अजिबात हात लावू नका, नाहीतर येणारं वजन जाईल.

बेदाणा_पॅकिंग:
भाऊ निघालं!!! अगदी तेच होतं, एकच ओळ दोन्ही पोर्टला होती. प्रिंटर बंद-चालू करून डंपमधून बाहेर काढला आणि पहिलं लेबल पडलं, बायकांनी पेनं ठेवली. आता एकच, मालाचं नाव मराठीत पाहिजे म्हणून आख्खं लेबल चित्र करून पाठवतोय तर एका लेबलला १० सेकंद लागतात.

रात्रपाळी:
लागणारच. २०३ डीपीआयला मिलिमीटरला ८ ठिपके, ५० बाय २५ च्या लेबलला ४०० गुणिले २०० म्हणजे ८०,००० ठिपके, म्हणजे १०,००० बाइट, आणि ९६०० ला, बाइटमागे १० बिट धरून, सेकंदाला ९६० बाइटच जातात. नावाची पट्टी तेवढीच चित्र करा, ती एकदाच डाउनलोड कमांडने प्रिंटरच्या फ्लॅशमध्ये (बंद केला तरी राहणाऱ्या मेमरीत) ठेवा आणि दर लेबलला पुटबीएमपीने (ठेवलेलं चित्र छापायची कमांड) बोलवा, वजन-तारीख साध्या टेक्स्टने. मग लेबलमागे दोनशे-तीनशे बाइट जातील.

कॉम_पोर्ट:
आणि यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर असेल तर तो कायम त्याच भोकात लावा, दुसरीकडे लावला की कॉमचा नंबर बदलू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर हाताने देता येतो.

बेदाणा_पॅकिंग:
पट्टी फ्लॅशमध्ये टाकली. पेटी ठेवून हात काढेपर्यंत लेबल बाहेर. कन्व्हर्टरच्या भोकाला मार्करने खूण केलीय. दोघांचे मनापासून आभार.