गिटच्या मॅन पेजमध्ये सुधारणा सुचवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

वागळे_टर्मिनल (ठाणे)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना गिट (प्रोग्रामच्या फाइलींमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) शिकवण्याचे काम माझ्याकडे असते. बहुतेकांनी कॉलेजात ॲड (बदल पुढच्या नोंदीसाठी निवडणे), कमिट (ती नोंद पक्की करणे) आणि पुश (ती सर्व्हरवर पाठवणे) एवढेच वापरलेले असते. पुढे काही अडले की ते कुठलेतरी आयते उत्तर टर्मिनलमध्ये चिकटवतात. मॅन पेज, म्हणजे कमांडचे माहितीपान, उघडत नाहीत, आणि उघडले तरी सिनॉप्सिसच्या (वरच्या वापर-सारांशाच्या) खाली फारसे कोणी जात नाही. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ‘गिट चेकआउट’ या एकाच कमांडखाली ब्रांच (कामाची वेगळी शाखा) बदलणे आणि फाइलमधले बदल टाकून देणे अशी दोन सर्वस्वी वेगळी कामे येतात. पहिल्या कामात गिट तुमचे कमिट न केलेले बदल सांभाळते आणि ते पुसले जाणार असतील तर थांबते. दुसऱ्या कामात तेच बदल काही न विचारता जातात. २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत ही दोन कामे वेगळी करणाऱ्या ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या कमांड आल्या, तरी जुन्या स्क्रिप्टांत आणि लोकांच्या बोटांत चेकआउटच बसलेले आहे. चेकआउटच्या पानासाठी काही पाठवावे असे मनात आहे. पान नव्याने लिहावे, की वेगळी मार्गदर्शिका तयार करावी?

महापे_बिल्ड

वेगळी मार्गदर्शिका नको. ‘गिट हेल्प’ला ‘-जी’ जोडून पाहा. ट्यूटोरियल, रोजच्या वापराच्या कमांड, शब्दकोश असे बरेच काही आधीच आहे, आणि ते आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. उणीव मजकुराची नसून तो कुठे ठेवला आहे याची आहे. रीबेस करताना (आपले कमिट दुसऱ्या ब्रांचच्या टोकावर पुन्हा रचताना) कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकाच जागी भिडले, की ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ यांची अदलाबदल होते, म्हणजे ज्या ब्रांचवर आपण रीबेस करतो ती ‘अवर्स’ ठरते आणि आपले स्वतःचे काम ‘देअर्स’. रीबेसच्या पानावर हे अगदी स्पष्ट लिहिलेले आहे, पण ते मर्ज स्ट्रॅटेजीच्या (बदल एकत्र जोडण्याच्या पद्धतीच्या) पर्यायांच्या वर्णनात. कॉन्फ्लिक्टमध्ये अडकलेला माणूस तो पर्याय वापरतच नसतो, मग तिथे वाचायला कशाला जाईल?

माझी सूचना अशी, की नव्या मुलांपैकी दोघातिघांना शेजारी बसवून पान वाचायला द्या, त्यांची नजर कुठे अडते ते पेन्सिलीने टिपून घ्या आणि फक्त तेवढीच जागा दुरुस्त करा. आमच्याकडची मुले ठाणे–वाशी लोकलमध्ये मोबाइलवर हीच पाने एचटीएमएल स्वरूपात वाचतात. त्या पडद्यावर पहिला परिच्छेद पुरेसा बोलका नसेल, तर पुढचे सगळे व्यर्थ.

घणसोलीकर_रूट

थोडा विरोध नोंदवतो. मॅन पेज हा संदर्भ आहे, शिकवणी नव्हे. अनुभवी माणूस तिथे एखाद्या पर्यायाचा नेमका अर्थ पाहायला येतो, आणि ‘सोपे करण्याच्या’ नादात नेमकेपणा गेला तर त्याचे नुकसान होते. मात्र काय परत मिळते आणि काय मिळत नाही, हे मजकूर पुसू शकणाऱ्या प्रत्येक कमांडच्या पानावर ठळक असावे, हे मान्य. ‘रिसेट हार्ड’ने (ब्रांच आणि फाइली जुन्या कमिटवर नेणाऱ्या कमांडने) मागे टाकलेले कमिट रीफ्लॉगमधून (ब्रांच कुठे कुठे होती याच्या गिटने ठेवलेल्या नोंदींतून) परत आणता येतात, अशा अन्यत्र न जोडलेल्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ३० दिवस टिकतात, इतर नोंदी ९० दिवस. ज्या बदलांवर ॲडसुद्धा केलेले नव्हते, ते मात्र गिटजवळ कधी आलेलेच नसतात, त्यामुळे त्यांची प्रत रीफ्लॉगमध्ये शोधून उपयोग नाही. घाबरलेल्या माणसाला सर्वात आधी हा फरक कळायला हवा.

महापे_बिल्ड

हे पटले. आता पाठवण्याविषयी. ही पाने गिटच्या मूळ सोर्समध्येच, ‘डॉक्युमेंटेशन’ फोल्डरमध्ये आस्कीडॉक या साध्या मजकुराच्या स्वरूपात आहेत. पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, ईमेलने गिटच्या मेलिंग लिस्टवर जातो आणि खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही, तो पाठवण्याचा हक्क आपल्याला असल्याची ग्वाही देणारी, ओळ लागते. ईमेलचा खटाटोप नको असेल, तर गिटगिटगॅजेट या साधनाच्या मार्गाने गिटहबवरील पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) लिस्टवर पोहोचवता येते. एका पॅचमध्ये एकच गोष्ट ठेवा, आणि कमिट संदेशात वाचक नेमका कुठे अडला ते लिहा. ‘पान अवघड आहे’ एवढ्याने तिथे कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

वागळे_टर्मिनल (ठाणे)

दोघांचेही आभार. चेकआउटच्या वर्णनाच्या अगदी सुरुवातीला घालण्यासाठी हे वाक्य योजले आहे, इंग्रजी नंतर करीन: “फाइलचे नाव दिल्यास ही कमांड त्या फाइलमधील कमिट न केलेले बदल न विचारता काढून टाकते आणि शेवटच्या कमिटमधील प्रत आणते.”

घणसोलीकर_रूट

वाक्याचा पूर्वार्ध जवळपास बरोबर, उत्तरार्ध बरोबर नाही. नुसते फाइलचे नाव दिले तर प्रत इंडेक्समधून (ॲड केलेले बदल जिथे राहतात तिथून) येते, शेवटच्या कमिटमधून नव्हे. फाइल बदलून ॲड करा, पुन्हा बदला आणि मग चेकआउट करून पाहा: दुसरा बदल जाईल, पहिला राहील. कमिटमधील प्रत हवी असल्यास फाइलच्या नावाआधी ‘हेड’ (सध्याच्या शेवटच्या कमिटचे नाव) द्यावे लागते, आणि तसे केल्यास इंडेक्समधली प्रतही बदलते. ‘कमिट न केलेले’ऐवजी ‘ॲड न केलेले’ आणि ‘शेवटच्या कमिटमधील’ऐवजी ‘इंडेक्समधील’ असे करा, ‘हेड’चा प्रकार पुढच्या वाक्यात घ्या, आणि पाठवण्यापूर्वी चाचणीपुरत्या वेगळ्या रेपॉझिटरीत (गिटच्या प्रकल्प-फोल्डरमध्ये) दोन्ही चालवून पाहा.