बीटा आहे म्हणून 'सातार्याचे' पेढे छापायचे का?

पोवईनाका_छपाई
परवा आपल्या ग्रुपवर कराडचा_कोडर यांनी लिहिलं, "चाचणी आवृत्ती फुकट मिळते म्हणून टाकायची आणि दोन दिवसांनी गळा काढायचा, हे बंद करा. बीटात चुका असणारच. ज्याला झेपत नाही त्यानं हात लावू नये." खाली पंचवीस-तीस जणांनी लाइक ठोकले. आदल्या दिवशी तक्रार मीच टाकली होती, तेव्हा रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळलं. दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पेढेवाल्यांची लेबलं. नवी सिस्टीम चार-सहा महिन्यांत सगळ्यांच्या मशीनवर येणार, तेव्हा आपले फाँट आणि प्रिंटर आधीच तपासून ठेवावेत म्हणून दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर चाचणी आवृत्ती टाकली. (सिस्टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा त्या नावावरच भांडत बसतो.) स्क्रीनवर सगळं ठीक होतं. 'साताऱ्याचे कंदी पेढे' असंच दिसत होतं. छापून आलं 'सातार्याचे'. र ची ती छोटी आडवी रेघ गेली आणि या च्या डोक्यावर रफार बसला. सहाशे लेबलं कापून झाल्यावर पेढेवाल्या काकांनी बोट ठेवलं. रागावले नाहीत. "गावाचं नाव तरी नीट छाप रे," एवढंच म्हणाले. ते मला जास्त लागलं.

चूक निघाली याचा मला राग नाही. मी ती कंपनीकडं रीतसर नोंदवली, फोटोसकट. तीन आठवडे झाले. नोंदीला दोन मतं, त्यातलं एक माझ्या पुतण्याचं. टास्कबारचं चिन्ह डावीकडे हवं की मधे, यावरच्या नोंदीला हजारो. मतं मोजूनच चुका बघणार असाल तर मराठीचा नंबर कधी लागायचा?

कराडचा_कोडर
पोस्ट माझी आहे, तुमचं नाव घेतलं नव्हतं. पण म्हणणं मागे घेत नाही. दुसरं मशीन म्हणता आणि त्याच मशीनवरून गिऱ्हाइकाची सहाशे लेबलं काढता, मग ते दुसरं कसं? चाचणीचं मशीन म्हणजे उद्या फॉरमॅट झालं तरी घरात कुणाला कळू नये असं मशीन.

मी नोकरीत रोज असल्या नोंदी वाचतो. दहातल्या आठ "चालत नाही" एवढ्यावर संपतात. काय चालत नाही, कोणत्या आवृत्तीत, कोणता प्रिंटर, आधी काय दाबलं, काही नाही. मग तीन आठवडे कुणी बघत नाही म्हणून बोंब. तुमच्या नोंदीत मजकुराची फाईल जोडली होती का? फोटोवरून कुणालाही काही कळत नाही.

पोवईनाका_छपाई
फाईल जोडली नव्हती. ती चूक माझी. आणि त्या दिवशी मोठं मशीन पत्रिकेच्या कामात अडकलं होतं, काका दारात उभे होते, म्हणून तिथून काढली. तीही चूक माझी, मान्य. पण दोन्ही धरूनही प्रश्न जागचा हलत नाही. गावाचं नाव कागदावर मोडतं, ही चूक किती मोठी हे ठरवणार कोण?

मिरज_जंक्शन
मतांवर चुका बघायची पद्धत कुठं नेते त्याचं जाहीर उदाहरण आहे. विंडोज 10 ची ऑक्टोबर 2018 ची आवृत्ती 2 तारखेला सोडली आणि आठवडा व्हायच्या आत थांबवली, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडत होत्या. चाचणी करणाऱ्या काही जणांनी हे आधीच कळवलं होतं. मतं कमी म्हणून त्या नोंदी तळाला राहिल्या. कंपनीच्याच हिशेबानं 10,000 त एखाद्याला हा फटका होता, मग मतं येणार कुठून? आवृत्ती दुरुस्त होऊन परत यायला 13 नोव्हेंबर उजाडला, आणि त्या प्रकरणानंतर नोंद करताना चूक किती गंभीर आहे ते सांगायची जागा आली.

डेबियन या लिनक्स प्रकारच्या फुकट सिस्टीममध्ये हे वेगळं चालतं. तिथं चुकीला दर्जा असतो. फायली उडवणारी चूक एकानं कळवली तरी वरचा दर्जा मिळतो, आणि तसली नवी चूक असलेलं पॅकेज (म्हणजे एखादा प्रोग्राम) अनस्टेबल या कच्च्या टप्प्यातून टेस्टिंग या पुढच्या टप्प्यात सरकत नाही. हजार लोकांना आवडेल अशी सूचना असली तरी ती इच्छा-यादीतच जाते. मला हा न्याय पटतो.

गावभाग_सांगली
दर्जा-बिर्जा राहू द्या, पहिलं बॅकअपचं बोला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं. कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवला, बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीतल्या कपाटात खालच्या खणात राहिली. पाणी माळ्यापर्यंत आलं. अकरा वर्षांचे हिशेब, मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं चिखलात. दुकानदारानं हार्डडिस्क उघडून दाखवली, आत गाळ होता. तेव्हापासून एक प्रत विट्याला बहिणीकडं असते, दर महिन्याला बदलतो. चाचणी आवृत्ती टाकणाऱ्यानं असं काही केलेलं नसेल तर त्यानं बोलूच नये, या बाबतीत मी कोडर साहेबांच्या बाजूनं आहे.

पोवईनाका_छपाई
दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझी फाईल शाबूत आहे, मोडली ती छपाई. बॅकअप घेऊन मोडलेला र परत येत नाही.

टायपिंगच्या_मॅडम_फलटण
हा सगळा गोंधळ कशानं होतो ते मी सांगते. 'साताऱ्या' तुम्ही टाइप कसा करता? माझ्याकडं पोरं येतात ती तीन तऱ्हांनी. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी), ऑफिसात लागलेली इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी), आणि बाकी सगळी फोनसारखं इंग्रजी अक्षरांतून. आणि 'आचार्यांना जेवायला वाढा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' यातला फरक निम्म्यांना टाइप करता येत नाही. या नव्या चाचणी आवृत्तीत मराठी निवडलं की आपोआप फोनसारखा कीबोर्ड पुढं येतो. क्लासमधल्या एका मशीनवर कुणीतरी ती टाकून ठेवली होती. सकाळच्या बॅचचा अर्धा तास कीबोर्ड शोधण्यात गेला, परीक्षा आठ दिवसांवर असताना. हे बदलण्याआधी एका तरी टायपिंगवाल्याला विचारलं का?

कराडचा_कोडर
मॅडम, आदर ठेवून सांगतो, रेमिंग्टनला आता निरोप द्यायला हवा. टाइपरायटरसाठी केलेली मांडणी आजच्या पोरांच्या माथी का? इन्स्क्रिप्ट 1986 पासून आहे, प्रमाण आहे, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच मांडणी आहे. शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो. मग हलन्तासाठी डी, मग य. झाला 'ऱ्य'. इतकं सोपं असताना लोक शिकत नाहीत आणि दोष सिस्टीमला.

टायपिंगच्या_मॅडम_फलटण
निरोप द्या म्हणणं सोपं आहे. सव्वीस वर्षं शिकवतेय. ज्या पोरीचा हात रेमिंग्टनवर मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं बसलाय, तिला तुम्ही परत पहिलीत बसवणार? तिच्या घरी त्या सर्टिफिकेटवर नोकरीची आशा लावून बसलेत. तुम्ही एसी ऑफिसात बसून मांडण्या रद्द करता, इथं पोटाचा प्रश्न आहे.

कराडचा_कोडर
एसी ऑफिस काढायची गरज नव्हती. माझ्या आईनं मशीनवर कपडे शिवून मला शिकवलं. मला पोट कळतं.

टायपिंगच्या_मॅडम_फलटण
ते मला माहीत नव्हतं. एसीचं वाक्य मागं घेते. रेमिंग्टनचं घेत नाही.

मिरज_जंक्शन
कीबोर्डच्या भांडणात खरी गोम राहून जातेय. तोच 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ हे वेगळं अक्षर वापरून, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत, स्वतःचा क्रमांक आहे. दुसरी तऱ्हा जुनी: साधा र, हलन्त, आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण कुठल्याही प्रोग्रामनं न दिसणारी चिन्हं कचरा समजून गाळली की दुसऱ्या तऱ्हेचा 'ऱ्या' सरळ 'र्या' होतो. छपाईवाल्या दादांचं तेच झालं असणार. स्क्रीनवर चिन्ह होतं, प्रिंटरकडं जाताना गळलं.

शोधतानाही हाच त्रास. मी घरच्या फायलींत 'खोऱ्यातील' शोधलं तर निम्म्या सापडतात, निम्म्या नाहीत, आणि का ते घरात कुणाला सांगता येत नाही. दोन्ही तऱ्हा एकच धरणं हे सिस्टीमचं काम आहे.

कराडचा_कोडर
निदान बरोबर वाटतंय. पण मग उपाय दादांच्या हातात आहे. ऱ वापरून टाइप करा, गळायला काही उरणारच नाही.

पोवईनाका_छपाई
नवं टाइप करताना करीन. माझ्याकडं बारा वर्षांच्या फायली आहेत. त्या वेळी जो कीबोर्ड मिळाला त्यात टाइप केल्या. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारीख बदला." मी आधी त्यातले सगळे ऱ्य, ऱ्ह शोधून बदलत बसू? आणि शोध तर सापडतच नाही, हे मिरजकरांनी आत्ताच सांगितलं. जुन्या आवृत्तीत छापून येत होतं ते नव्या आवृत्तीत मोडलं, तर ते मोडणाऱ्यानं दुरुस्त करायचं. बीटा असो नाहीतर आणखी काही.

वाईकर_निवृत्त
तुम्हाला नवं मिळतंय तरी. माझ्या मशीनवरची सिस्टीम बंद झाली आणि नवी या मशीनला चालत नाही म्हणतात. मशीन धडधाकट आहे. पेन्शनमधून नवं घ्यायचं का? यावर कुणी धागा काढत नाही.

गावभाग_सांगली
सर, लिनक्स टाकून देतो, शनिवारी वाईला येतोय. पण आधी फायलींची प्रत काढून ठेवा.

पोवईनाका_छपाई
मला काय हवंय ते लिहितो, म्हणजे नुसता रडतोय असं कुणी म्हणणार नाही.

सगळ्यात आधी परतीचा रस्ता. चाचणी आवृत्तीवरून जुन्यावर जायचं तर सगळं पुसून नव्यानं टाका, असं मला सांगितलं गेलं. दुकानदाराचा यात एक दिवस जातो, तोही वीज टिकली तर. अँड्रॉइडमध्ये 2016 च्या सातव्या आवृत्तीपासून सिस्टीमच्या दोन जागा ठेवायची सोय आहे. नवी दुसऱ्या जागेत बसते, सुरूच झाली नाही तर फोन आपसूक जुनीवर येतो. फोनला जमतं ते मशीनला का नाही? दुसरं, टाकायच्या आधी माहीत असलेल्या चुकांची यादी मराठीत समोर यावी. टाकून झाल्यावर, इंग्रजीत, चौथ्या पानावर नको. आणि प्रत्येक भाषेचा पानभर मजकूर छापून बघितल्याशिवाय आवृत्ती पुढं सरकू नये. मराठीसाठी मी पान लिहून देतो: साताऱ्याचे, डोंगरदऱ्या, तऱ्हा, आचाऱ्यांना, ॲप, आणि मराठी वळणाचे ल आणि श. एक मिनिटाचं काम.

कराडचा_कोडर
परतीचा रस्ता हवा, हे मलाही मान्य. पण दोन जागा म्हणजे सिस्टीमसाठी जास्त डिस्क लागते, स्वस्त लॅपटॉपवर ती नसते, हेही धरा. आणि प्रत्येक भाषेसाठी आवृत्ती अडवायची ठरवली तर काही बाहेरच पडणार नाही. तारखा असतात. शेकडो भाषा आहेत.

मिरज_जंक्शन
तारीख हलवता येते. उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, दर एप्रिल-ऑक्टोबरला येतो, क्रमांकातच वर्ष-महिना असतो. 2006 ची एप्रिलची आवृत्ती तयार नाही म्हणून 1 जूनवर नेली. म्हणून ती 6.06 आहे, 6.04 नाही. आभाळ कोसळलं नाही.

कराडचा_कोडर
एक उदाहरण. एका छापलेल्या ओळीसाठी कुणी तारीख हलवत नाही.

पोवईनाका_छपाई
साहेब, तुमच्या गावाचं जुनं नाव लिहायची पद्धत 'कऱ्हाड'. ते जुन्या तऱ्हेनं टाइप करा, तुमच्या चाचणीच्या मशीनवरून एक पान छापा आणि मग सांगा एका ओळीचं.

कराडचा_कोडर
(दुसऱ्या दिवशी)
छापलं. दोन प्रिंटरवर. दोन्हीकडं 'कर्हाड' आलं. पीडीएफ केली तर ठीक, थेट प्रिंटरला पाठवलं तरच मोडतंय, म्हणजे चूक छपाईच्या नव्या भागात आहे. वडिलांनी पान बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं.

नोंद केली आहे. दोन्ही तऱ्हांच्या फायली, आवृत्तीचा क्रमांक, प्रिंटरची नावं, सगळं जोडून. गंभीर म्हणून खूण केली. चाचणीच्या मशीनवरून गिऱ्हाइकाचं छापणं चूक होतं, हे मात्र अजूनही म्हणतो.

पोवईनाका_छपाई
म्हणा. नोंदीचा क्रमांक तेवढा द्या, माझी पेढ्याच्या लेबलाची फाईल त्याच्याखाली जोडतो. मॅडम, तुमच्याकडं रेमिंग्टनवर टाइप केलेली एखादी असेल तर तीही पाठवा.

टायपिंगच्या_मॅडम_फलटण
उद्या सकाळच्या बॅचकडून टाइप करून घेते. दहा मशीन, दहा फायली.