लंडन: सहा दिवस, सासूबाईंचा गुडघा आणि दोन मुलं. तिथले लोक फिरतात तसं कसं फिरावं?

कर्वेनगरची_कावेरी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये सहा दिवस आहोत. आम्ही दोघं, सासूबाई (६७, सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, जिने मात्र नको), मुलगी १२ आणि मुलगा ९. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. टूरवाल्यांच्या यादीतल्या सगळ्या ठिकाणी टिकमार्क करायचा हट्ट नाही. तिथे राहणारी माणसं घरच्या पाहुण्यांना कुठे नेतात, बस आणि ट्यूबचं (भुयारी रेल्वेचं) गणित काय आणि पैसे कुठे उगाच जातात, हे हवंय. मुलाला शिवाजी महाराजांची वाघनखं बघायची आहेत. ती कुठल्या म्युझियममध्ये?

थेम्सकाठ

कावेरीताई, आधी प्रवासाचं सांगतो, कारण पैसे आणि गुडघे दोन्ही तिथेच खर्च होतात.

मोठ्यांसाठी वेगळं तिकीट काढू नका. कॉन्टॅक्टलेस क्रेडिट किंवा डेबिट कार्ड ट्यूबच्या गेटवर टेकवायचं. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती गाठली की पुढचा प्रवास त्यात धरला जातो. सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही आहे, म्हणून शक्य असेल तर मुक्काम सोमवारी सुरू होईल असं बघा. मात्र प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत.

लोक हमखास चुकतात ते इथे: सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी कार्डं, त्यामुळे मर्यादा गाठलीच जात नाही. आत जाताना फोन आणि बाहेर येताना कार्ड वापरलं तर दोन अपुरे प्रवास नोंदले जातात आणि दोन्हीला जास्तीत जास्त भाडं लागतं. पहिल्या दिवशी जे वापराल तेच शेवटपर्यंत.

भारतातून निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं चालू करा. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेक्स चालतात. रुपेवर विसंबू नका. परकीय चलनाचा अधिभार बँकेनुसार लागेल, तोही आधी बघून ठेवा.

मुलगा ११ च्या आतला, त्यामुळे बसमध्ये फुकट. ट्यूब, डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे) आणि एलिझाबेथ लाइनवरही भाडं भरणाऱ्या मोठ्या माणसासोबत फुकट. त्याला रुंद गेटमधून बरोबर घेऊन जा. मुलीसाठी ऑयस्टर कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि ट्यूब स्थानकातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वयाला १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. ही सवलत बँकेच्या कार्डावर मिळत नाही. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण सहा दिवसांत फरक पडतो. हे काम विमानतळाच्या स्थानकातच उरका.

हीथ्रोहून शहरात यायला तीन गाड्या आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, पण महाग आणि रोजच्या मर्यादेबाहेरची. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, पण सामान घेऊन सुमारे तासभर, आणि वाटेतल्या बऱ्याच स्थानकांत जिने. तुमच्यासाठी एलिझाबेथ लाइन. पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त भाडं, पण तिच्या प्रत्येक स्थानकात रस्त्यापासून फलाटापर्यंत जिन्याशिवाय जाता येतं, डबे मोठे आणि थंड. हॉटेल तिच्याच आसपास शोधा, म्हणजे पॅडिंग्टन, व्हाइटचॅपल किंवा थोडं लांब चालत असेल तर ईलिंग ब्रॉडवे. हॉटेलचं दोनशे रुपयांनी कमी भाडं बघून लिफ्ट नसलेल्या स्थानकाजवळ उतरलात तर रोज रडाल.

ट्यूबची २७२ स्थानकं, त्यातल्या साधारण एक तृतीयांश ठिकाणीच जिन्याशिवाय जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह निळ्या गोलात असेल तर थेट गाडीत शिरेपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात असेल तर फलाटापर्यंत, पुढे गाडीत चढताना फट किंवा उंचवटा. ऑक्सफर्ड सर्कस, पिकॅडिली सर्कस, लेस्टर स्क्वेअर ही गाजलेली नावं सासूबाईंसाठी टाळा. ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर, टॉटनम कोर्ट रोड, किंग्ज क्रॉस ठीक आहेत. कव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून कुणी जिन्याकडे वळलं तर थांबवा, १९३ पायऱ्या आहेत. तसंही लेस्टर स्क्वेअर ते कव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर. तेवढ्यासाठी ट्यूबचं पूर्ण भाडं भरणारे पाहुणेच.

सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि दुपारी ४ ते ७ गर्दीचं भाडं. साडेनऊनंतर निघा, आणि संध्याकाळी चार ते सात कुठेतरी बसून काढा.

लाल_डबलडेकर

वरचं सगळं बरोबर, पण ट्यूबमधून लंडन दिसत नाही. बस स्वस्त आहे, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदला, भाडं एकदाच. २०१४ पासून बसमध्ये रोख घेत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबमध्ये दोन्ही वेळा.

बिनछताच्या टूरबसऐवजी २४ नंबर घ्या: हॅम्पस्टेड हीथपासून कॅम्डेन, ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, संसद, व्हिक्टोरिया करत पिम्लिको. १५ नंबर ट्रफाल्गर स्क्वेअरहून सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि टॉवर ऑफ लंडनवरून पूर्वेला जाते. मुलांना वरच्या मजल्यावर पुढची सीट. सासूबाईंना खालीच बसवा, चालत्या बसमधला वळणाचा जिना गुडघ्यांना वाईट.

पहिला दिवस नदीच्या दक्षिण काठाला द्या. वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत चारेक किलोमीटर, जवळजवळ सपाट, गाड्या नाहीत. सासूबाईंना जिथे पुरे वाटेल तिथे वर जाऊन बस पकडायची. वाटेत रॉयल फेस्टिव्हल हॉल आणि नॅशनल थिएटरच्या लॉबीत कुणीही बसू शकतं, प्रसाधनगृह फुकट, कुणी हटकत नाही. वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांची टेबलं असतात. पुढे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय (फुकट), मग बरो मार्केट. ते सोमवारी बंद, आणि शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार ते गुरुवार बारापूर्वी जा.

सेंट पॉल्सच्या घुमटावर चढायला पैसे आणि शेकडो पायऱ्या. समोरच्या 'वन न्यू चेंज' या दुकानांच्या इमारतीची लिफ्ट थेट गच्चीवर जाते, फुकट, आणि घुमट अगदी समोर दिसतो. फेनचर्च स्ट्रीटवरच्या उंच इमारतीतलं स्काय गार्डनही फुकट आहे, पण जागा सुमारे तीन आठवडे आधी खुल्या होतात आणि भराभर संपतात. नाही मिळाली तर हळहळू नका, त्याच फेनचर्च स्ट्रीटवर 'गार्डन ॲट १२०' ही गच्चीवरची बाग आहे.

ग्रिनिचला एक अख्खा दिवस. जाताना होडीने, कार्ड चालतं पण भाडं रोजच्या मर्यादेत धरत नाहीत. येताना डीएलआर. या गाडीला चालकाची केबिन नाही, पहिल्या डब्यात अगदी पुढे बसलं की गाडी आपणच चालवतोय असं मुलांना वाटतं. डीएलआरच्या बऱ्याच स्थानकांत गेट नसतात, नुसता खांबावर रीडर असतो. घाईत टेकवायचं राहिलं की दंड.

ग्रिनिचला नदीखालून चालत जायचा १९०२ चा बोगदा आहे, ३७० मीटर, फुकट. लिफ्ट आहेत पण वारंवार बंद पडतात, आणि मग दोन्ही टोकांना शंभराच्या आसपास पायऱ्या. म्हणून मुलांनी बाबांबरोबर बोगद्यातून जावं, तुम्ही आणि सासूबाई कटी सार्क स्थानकाहून डीएलआरने एकच स्थानक पुढे आयलंड गार्डन्सला. तिथल्या बागेच्या कठड्यावरून पलीकडचं ग्रिनिच चित्रासारखं दिसतं.

वेधशाळेची टेकडी खालून चढायला खडी आहे. सासूबाईंना वरून लंडन दाखवायचंच असेल तर वेगळ्या दिवशी एलिफंट अँड कॅसलहून ५३ नंबरची बस घ्या आणि ब्लॅकहीथच्या बाजूने बागेत शिरा, वेधशाळेपर्यंत सपाट रस्ता आहे. उतरतानाही खालच्या बाजूला जाऊ नका. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो.

मोडी_वाचक

वाघनखांसाठी लंडनला जाऊ नका! व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली. आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. आता कुठे आहेत ते बघून मुलाला इथेच दाखवा. तीच अफझलखानाच्या वेळची, हे सिद्ध करता येत नाही असं ते म्युझियमच सांगतं, हेही मुलाला सांगायला हरकत नाही. त्याने त्याचा रस कमी होणार नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र जा. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे दालन ३३ए मध्ये आहेत. पुढच्या दाराला मोठी रांग असते, मागचं माँटेग्यू प्लेसचं दार बहुधा मोकळं. प्रवेश फुकट, पण वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा. मोठी चाकांची बॅग आत घेत नाहीत. शुक्रवारी ते रात्री ८:३० पर्यंत, नॅशनल गॅलरी ९ पर्यंत आणि व्ही अँड ए १० पर्यंत उघडं असतं. शाळांच्या सहली गेलेल्या असतात, तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ म्युझियमलाच ठेवा.

मराठी माणसाने उत्तर लंडनचा एक दिवस काढावा. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड इथे राहायचे. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. उघडायच्या वेळा जायच्या आदल्या दिवशी बघा. चॉक फार्म स्थानकाहून दहा मिनिटं. घराच्या मागेच प्रिमरोज हिल, चढ सौम्य, वर बाकं, आणि सगळं शहर समोर. तिथून कालव्याच्या काठाने कॅम्डेन लॉकपर्यंत चालत या.

सावरकर राहायचे ते 'इंडिया हाउस' हायगेटमध्ये, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये ते सुरू केलं. आता खाजगी घर आहे. बाहेरून निळी स्मृतिपाटी बघायची, फोटो काढायचा, घंटी वाजवायची नाही. रस्ता चढाचा आहे, म्हणून सासूबाईंना आर्चवेहून २१० नंबरच्या बसने पुढे थेट केनवुड हाउसला न्या. हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या माळरानाच्या काठावरचा वाडा, प्रवेश फुकट, आत रेम्ब्राँ आणि व्हर्मीर, बाहेर हिरवळ आणि चहा.

बिनअंड्याचा_केक

खाण्याचं कुणीच बोललं नाही.

इथे 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडं चालतं. सासूबाईंसाठी पाकिटावर 'व्हीगन' लिहिलेलं बघा किंवा घटकांची यादी वाचा, अंडं आणि दूध ठळक अक्षरात छापलेलं असतं. जेली, मार्शमेलोत बहुधा जिलेटिन (प्राण्यांपासून बनवलेलं) असतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, त्यामुळे 'भाज्यांचा पास्ता' मागितला तरी विचारा. फिश अँड चिप्सच्या दुकानातल्या चिप्स बऱ्याचदा ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात, काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. "काय तळलंय" नव्हे, "कशात तळलंय" हे विचारायचं.

ब्रिटिश म्युझियमहून पंधरा-वीस मिनिटांवर, यूस्टन स्थानकामागे ड्रमंड स्ट्रीट आहे. भेळ, डोसा, मिठाई, शुद्ध शाकाहारी ठिकाणं. लांब जायची तयारी असेल तर वेम्ब्लीचा ईलिंग रोड, ॲल्परटन स्थानकापासून चालत. तिथे गुजराती फरसाण आणि भाजीबाजार.

बिलात १२.५ टक्के सेवाशुल्क बऱ्याचदा आधीच लावलेलं असतं. त्यावर पुन्हा टिप ठेवू नका. सेवा वाईट वाटली तर ते काढायला सांगता येतं. पबमध्ये वेटरची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल. टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे. मुलांना दुपारी सहसा घेतात, संध्याकाळी दारातच विचारा. दारूचा परवाना असलेल्या जागी नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. 'टॅप वॉटर' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलातही येते.

रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात. दूध-ब्रेड शनिवारी रात्रीच घेऊन ठेवा.

कर्वेनगरची_कावेरी

सगळ्यांचे आभार. वाघनखांनी तर डोळेच उघडले. दोन उरलेले प्रश्न: टॉवर ऑफ लंडनचे एवढे पैसे भरावेत का? आणि राजवाड्याचा पहारा बदलताना बघावा का?

लाल_डबलडेकर

पहारा नको. बकिंगहॅमसमोर चांगली जागा हवी तर तासभर आधी उभं राहावं लागतं, आणि मुलाला पुढच्या माणसाची पाठच दिसते. व्हाइटहॉलला हॉर्स गार्ड्समध्ये घोडेस्वारांचा पहारा रोज ११ ला बदलतो, रविवारी १० ला. गर्दी कमी, घोडे जवळून. २४ नंबर तिथूनच जाते.

थेम्सकाठ

टॉवर माझ्या मते एकदा बघावा, पण उघडताक्षणी आणि आधी ज्वेल हाउस. अकराला तिथली रांग दारापासून अंगणात येते. कोहिनूर राजमाता एलिझाबेथ यांच्या १९३७ च्या मुकुटात आहे. मुकुटांसमोर सरकता पट्टा असतो, त्यावरून दोनदा-तीनदा फेरी मारली तरी चालतं. व्हाइट टॉवरमध्ये अरुंद दगडी जिने आहेत, तिथे सासूबाईंनी बाहेर बाकावर बसावं, अंगणात कावळे बघायला मिळतात. पैसे वाचवायचे असतील तर टॉवर ब्रिजवरून चालत जा. पुलावर जायला तिकीट नाही, वरच्या काचेच्या मजल्याला आहे. पूल कधी उघडणार त्याच्या वेळा संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात.

रस्त्यात नकाशा बघायला थांबाल तेव्हा फुटपाथच्या कडेला उभे राहू नका. भिंतीला पाठ लावा आणि फोन दोन हातांत धरा. विजेच्या सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे कडेच्याच माणसाला गाठतात.